दव किती वाजेपर्यंत

ओल्या थर्मामीटरखालच्या वाटीत मी तीन दिवस पाणी घातलं नाही. बाकी सगळं चोख केलं.

माझ्या मोठ्या साडूंएवढा रागीट माणूस उटनूर ते नार्नूर रस्त्यावर दुसरा झाला नसेल. त्यांचा राग माणसांपुरता नव्हता. सरकारी शेतावरच्या हवामान केंद्राचे ते निरीक्षक. वारा पडला तर वाऱ्यावर, ढग आला तर ढगावर डाफरायचे. पांढऱ्या झडपांच्या पेटीत दोन थर्मामीटर, एक कोरडा आणि दुसऱ्याच्या टोकाला वाटीतलं पाणी पिणारी वात. दोघांच्या आकड्यांत फरक जितका कमी, तितकी हवा ओली आणि दव तितकं उशिरापर्यंत. तीन-चार दिवसांचे आकडे जुळवून साडू आदल्या संध्याकाळीच सांगायचे, उद्या कपाशीवरचं दव किती वाजता सुकेल. ओला कापूस वेचला की पिवळा पडतो, म्हणून वेचणीच्या बाया त्यांच्या शब्दावर घर सोडायच्या. सांगितलेल्या वेळेला ते स्वतः पानांवर बोट फिरवून पडताळा घेत. एकदा नऊ सांगितले आणि साडेनऊला पान ओलं निघालं, तर पानालाच म्हणाले, "तुले अक्कल हाय का नाही?" बायकोनं पेटीजवळच्या कुंपणावर लुगडं वाळत घातलं, तर हवेत ओल कालवली म्हणून दोन दिवस घरात जेवले नाहीत.

अशा माणसानं पुतणीच्या लग्नाला जाताना कारभार माझ्यासारख्या शाळामास्तराकडे दिला. सकाळ-संध्याकाळ आकडे लिहायचे, वाटी भरायची, एवढंच. आकडे मी वळणदार अक्षरात लिहिले. वात वाळली, दोन्ही थर्मामीटर एकच आकडा दाखवू लागले, आणि यंत्रांचं एवढं एकमत पाहून मला तर कौतुकच वाटलं.

साडू दिवेलागणीला परतले. वही पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "एवढी ओल? पण मास्तरच्या हातचं हाय," म्हणाले, आणि वाडीत निरोप धाडला, उद्या बाराच्या आत कोणी येऊ नका.

बाया बाराला आल्या. कापूस कोरडा ठणठणीत. दव पडलंच नव्हतं. मजुरी वजनावर, आणि अर्धा दिवस गेलेला. एक म्हातारी बोंड चुरगाळत म्हणाली, "साहेब, तुमच्या पेटीपरीस आमचा कोंबडा बरा."

मी खांबाआड उभा होतो. साडू कोरडी वाटी आधीच पाहून आले होते, कानाच्या पाळ्या लालभडक. आता माझं नाव घेणार, म्हणून मी डोळे मिटले.

"माझंच चुकलं, बाई," ते म्हणाले.

नंतर घरी मला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. पण त्या दिवसापासून बाया पान चाचपूनच ठरवू लागल्या. साडू मात्र रोज संध्याकाळी उद्याची वेळ काढून वहीत लिहीत राहिले. विचारायला कोणी येत नव्हतं. वाटी तेवढी काठोकाठ भरलेली असायची.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी अंथरूण धरलं तेव्हा भेटायला गेलो. बोलता बोलता त्यांचा घसा सुकला. मी धावत जाऊन पेला भरून आणला, मान उचलून दोन घोट पाजले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत तोच जुना राग.

"आता बरोबर पाणी आठवलं तुमाले, मास्तर."