सोबत असली की लागणारा ब्रेक

मुंबईच्या दैनिकात असताना भुताखेतांच्या बातम्या माझ्या टेबलावरून पुढे जात नसत. अमक्या चाळीत बंद खोलीतून बांगड्या वाजल्या, तमक्या चिंचेवर दिवा दिसला - असं काही आलं की बातमीदाराला मी एवढंच विचारायचो: पाहिलं कोणी? नाव काय? ‘लोक म्हणतात’ हे उत्तर मला चालत नसे. माझं मत आजही बदललेलं नाही. म्हणून मासिकाच्या या सदरासाठी लिहिताना त्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो. पाहिलं ते मी. थोडंसं मोटार एजन्सीच्या फिटरने पाहिलं. ऐकीव यात काही नाही.

हकिगत मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढच्या उन्हाळ्यातली. पत्नी मुंबईत तापाने गेली, त्यानंतर मी दैनिकातली नोकरी सोडून अलिबागला भाड्याचं घर घेतलं होतं. कुलाबा जिल्ह्याचा वार्ताहर म्हणून त्याच दैनिकाला मजकूर पाठवत असे. कोर्ट, लोकल बोर्ड, मिठागरं, भाताचे भाव. मुलगी कुसुम तेव्हा आठ वर्षांची. ती गिरगावात मामाकडे होती. इथली घडी बसली की तिला आणायचं ठरलं होतं. घडी बसवण्यात दोन वर्षं गेली.

मोटार पत्नी असतानाच घेतलेली. मोठी टूरिंग गाडी, कापडी टपाची, सात माणसं बसतील अशी. पत्नी, तिची आई, कुसुम, पाहुणे, डबे... एवढं सगळं धरून तिने ती पसंत केली होती. अलिबागला त्या गाडीतून मी एकटा फिरायचो. मागच्या सीटवर चढलेली धूळ पुसायचं कारण पडत नसे.

पहिला प्रकार कार्लेखिंडीत झाला. पोयनाडहून अलिबागला परत येत होतो, दुपारची वेळ, रस्ता कोरडा. खिंड ओलांडून उताराला लागलो आणि ब्रेक दाबला. पेडल नेहमीसारखं कडक लागलं, पण गाडीचा वेग कमी झाला नाही. पुन्हा दाबला. हातब्रेक ओढला. काही नाही! शेवटी गाडी रस्त्याच्या कडेला शेताच्या बांधावर घातली. माझ्या खांद्याचं हाड दुखावलं, गाडीचा एक दिवा गेला.

शेतावरचे दोघे आगरी गडी धावत आले. त्यातला थोरला म्हणाला, “सायेब, लागलं का वो?”

“खांद्याला.”

“बैलाला येसन आसते. हिला काय हाय?”

“ब्रेक आहे.”

“मंग त्यो घरी ठेवून आलाव काय?” धाकटा हसला, पण बैल त्यानेच आणले. बैलांनी गाडी ओढून रस्त्यावर काढली.

हे धरमतरहून मुंबईला जाणाऱ्या लाँचच्या उतारूंकडून गिरगावात पोचलं. कुसुमचे मामा यशवंतराव यांनी कळवलं: ‘परीक्षा झाली की कुसुमला मी स्वतः धरमतरपर्यंत आणतो. पण ब्रेकची खात्री एजंटाकडून करून घ्या. खात्री नसेल तर पोर त्या गाडीत बसणार नाही.’ त्यांचं बरोबर होतं. सख्खी बहीण गेल्यावर भाचीच्या बाबतीत माणूस एवढं म्हणणारच.

गाडी एजन्सीत नेली. बाजाराच्या टोकाला पत्र्याची शेड, पुढे पेट्रोलचे डबे, आत मुंबईच्या कंपनीचे सब-एजंट असलेले एक गुजराती शेठ. इब्राहिमभाई हा त्यांचा फिटर, मांडव्याकडचा. मागच्या चाकांच्या ड्रमवर बाहेरून आवळणारे पट्टे, हाच त्या गाडीचा ब्रेक. इब्राहिमभाईने जुनं अस्तर काढून नवं बसवलं, रॉड ताणून दिले, मग माझ्या शेजारी बसून खिंडीपर्यंत आला. उतारावर ब्रेक असा लागला की त्याची टोपी पुढच्या काचेवर गेली.

शेठ म्हणाले, “जुओ साहेब, गाडीमां कांई दोष नथी. कंपनीचा माल आहे.”

दुसऱ्या दिवशी एकटा गेलो. ब्रेक लागला नाही. या वेळी पहिल्या गियरमध्ये उतरत होतो, म्हणून वाचलो.

पुढच्या पंधरवड्यात काय झालं ते थोडक्यात देतो. शेजारी इब्राहिमभाई: ब्रेक लागला. शेजारी कोर्टातले कारकून: लागला. इब्राहिमभाई एकटाच गाडी घेऊन गेला: लागला. मी एकटा: नाही. शेठना वाटलं, मी पाय नीट देत नाही. “गाडी बराबर छे. पाय बदलो,” म्हणाले. मी हसलो नाही, कारण माझाही संशय तोच होता.

म्हणून आम्ही एक परीक्षा घेतली. प्रश्न वजनाचा असेल, तर माणसाऐवजी वजन ठेवून पाहावं. मिठागरावरून मिठाच्या गोणी आणल्या आणि शेजारच्या सीटवर माणसाच्या भाराइतक्या रचल्या. गावाबाहेर एक हलका उतार होता, खाली सपाट मैदान, धोका नव्हता. मी गाडी अगदी हळू सोडली आणि इब्राहिमभाई मागच्या चाकाशेजारून वाकून पळत राहिला. मी ब्रेक दाबला.

“दाबा साहेब!”

“दाबलाय!”

“दाबलाय ते दिसतंय मला...” तो थांबला नाही, पळतच राहिला. गाडी मैदानात जाऊन आपोआप थांबली तेव्हा तो आला. घामाने निथळत होता. “साहेब, अल्लाकसम सांगतो. रॉड ओढलेला होता. पट्टा ड्रमवर आवळलेला होता, मध्ये कागद जाणार नाही इतका. आणि चाक फिरत होतं.”

“असं कसं होईल?”

“होत नाही.” त्याने फडक्याने तोंड पुसलं. मग धापा टाकत, न विचारता, तो मिठाच्या गोणी बाजूला सारून शेजारी चढून बसला आणि म्हणाला, “चला.” परत येताना ब्रेक लागला.

शेठनी यशवंतरावांना कळवलं की गाडीत दोष नाही. ते खोटं नव्हतं. एजन्सीचा माणूस आत बसलेला असताना गाडीने एकदाही दोष दाखवला नव्हता.

तेव्हापासून मी सोबतीशिवाय गाडी काढत नसे. सोबत मिळणं कठीण नव्हतं. शेजारच्या वाडीतले विष्णुभटजी तर बोलावण्याची वाट बघत. आक्षी, नागाव, चौल, जिथे पूजा असेल तिथे माझ्या गाडीतून जात आणि वाटेत मला राजकारण शिकवत. कुसुमला आणायला धरमतरला तेच येणार होते. पण त्या सकाळी त्यांना नागावहून तातडीचं बोलावणं आलं. इब्राहिमभाई तापाने पडला होता. कोर्टाला सुट्टी, कारकून गावी गेलेले. मी कुंपणाशी उभा राहून भटजींना म्हटलं, “आता मी काय करू?”

“वार्ताहर महाराज, यजमानाची बायको नसली की आम्ही काय करतो?” भटजी उपरणं झटकत म्हणाले. “त्याच्या कमरेला सुपारी खोचतो आणि संकल्प सोडतो. देवाला चालतं. तुमच्या मोटारीला का चालू नये?” त्यांनी पायाशी वाळत घातलेल्या सुपाऱ्यांमधली एक उचलून कुंपणावरून माझ्या हातात ठेवली आणि घाईने निघून गेले.

त्यांनी चेष्टा केली होती. मी सुपारी खिशात टाकली आणि गाडी काढली. जायचं तर होतंच. कुसुम लाँचवर बसली असणार. खिंडीच्या माथ्यावर गाडी थांबवली, खिशातून सुपारी काढून शेजारच्या सीटवर ठेवली. ठेवताना आजूबाजूला कोणी नाही ना, हे पाहिलं. पोयनाडच्या बाजूचा उतार सुरू झाला. ब्रेक दाबला.

लागला.

धरमतरला पोचलो तेव्हा लाँच लागलेली होती आणि अलिबागची सर्व्हिस मोटार भरून निघून गेली होती. यशवंतराव धक्क्यावर कुसुमचा हात धरून उभे होते. कुसुम उंच झाली होती. लाजली. लाँच परत सुटायला थोडा वेळ होता.

“भावोजी,” यशवंतराव म्हणाले, “एजंट म्हणतो दोष नाही. तुम्ही काय म्हणता?”

इथे ‘दोष नाही’ एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. पण त्यांनी मला विचारलं होतं, एजंटाला नाही. आणि मुलगी त्या गाडीत बसणार होती.

“शेजारी कोणी असलं की ब्रेक लागतो,” मी म्हणालो. “मी एकटा असलो की लागत नाही.”

“चेष्टा पुरे.”

“चेष्टा नाही. फिटरने डोळ्यांनी पाहिलंय.”

यशवंतराव काही बोलायच्या आत कुसुमने विचारलं, “मग अण्णा, येताना तुमच्या शेजारी कोण होतं?”

मी गाडीचं दार उघडून सीटवरची सुपारी दाखवली. कुसुमने ती उचलली. मामाच्या घरी पूजा-अर्चा पुष्कळ. तिला सगळं ठाऊक असावं.

“ही आईच्या जागेची का?”

यशवंतरावांचा चेहरा उतरला. त्यांनी मला बाजूला घेतलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. अगदी हळू आवाजात ते म्हणाले, “भावोजी, ताई गेल्यापासून तुम्ही इथे एकटे राहता. माणसाचं असं होतं. त्यात लाज नाही. पण पोर आज मी परत नेतो. तुम्हीही चला. चार दिवस आमच्याकडे राहा, डॉक्टरला दाखवू.”

“मोटार धक्क्यावर कशी ठेवायची?” हे कारण मी दिलं. दुसरं कुठलंही दिलं असतं.

कुसुम रडली नाही. सुपारी मुठीत तशीच धरून ती मामाबरोबर लाँचकडे चालू लागली. कोणी तिच्याकडे ती परत मागितली नाही. फळीवर चढताना मामाने हात पुढे केला, तिने तो धरला. मग लाँचच्या टपाच्या सावलीत मला दोघं दिसेनाशी झाली. लाँच खाडीच्या वळणाला जाईपर्यंत मी उभा होतो. धक्क्यावर तोवर अलिबागला येणारं कोणी उरलं नव्हतं.

खिंडीच्या माथ्यावर पुन्हा गाडी थांबवली. शेजारची सीट रिकामी, खिसा रिकामा. गाडी तिथेच सोडून अलिबागपर्यंत चालत जाता आलं असतं. ऊन फार नव्हतं. कोणी वाटसरू येईपर्यंत थांबताही आलं असतं. दोन्ही मला सुचलं होतं. दोन्ही केलं नाही. का, ते अचूक सांगता येणार नाही आणि अंदाज इथे लिहायचा नाही. पहिला गियरही टाकला नाही. गाडी उताराला सोडली.

जिथे बांधावर गेलो होतो त्या वळणापाशी ब्रेक दाबला. लागला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा लागला. मी त्या उतारावर उगाचच बराच वेळ ब्रेक लावत आणि सोडत बसलो होतो. पहिल्या वेळचेच ते दोन गडी शेतात होते. धाकटा ओरडून म्हणाला, “सायेब, आज घेऊन आलाव वाटतं!”

तेव्हापासून आजतागायत मी एकटाही त्या गाडीतून फिरतो आहे. पाऊस असो, उतार असो, ब्रेक एकदाही चुकलेला नाही. इब्राहिमभाईला सांगितलं तर म्हणाला, “सुधारली ना? मग आता तिला काही विचारू नका.” शेठना वाटतं, अखेर मी पाय बदलला.

मी मनाशी एक जुळणी करून ठेवली होती. सुपारी कुसुमने नेली. सोबत म्हणून ठेवलेली वस्तू माझ्या माणसापाशी आहे, म्हणजे सोबत कुठेतरी चालूच आहे. छापण्यासारखी नसली तरी जुळणी होती, आणि मला तीत बरं वाटे, हेही खरं.

दिवाळीत यशवंतरावांनी कुसुमला पाठवलं. मोटारीचा प्रश्नच येऊ नये म्हणून रेवसमार्गे, तिथून बैलगाडीने. अलिबागला ती ओसरीवर बसून फराळ करत असताना मी सहज विचारलं, “ती सुपारी आहे का गं अजून?”

तिने हातातली करंजी खाली ठेवली. “रागावणार नाही ना?”

“नाही.”

“ती पडली, अण्णा. लाँचवर चढताना मामाने हात दे म्हटलं, म्हणून मी मूठ उघडली. खाडीत पडली. मी कोणाला सांगितलं नाही.”

“लाँच सुटायच्या आधी?”

“हो. तुम्ही धक्क्यावरच उभे होता.”

म्हणजे मी खिंडीत पोचलो तेव्हा ती सुपारी धरमतरच्या गाळात होती. त्या उतारावर माझ्या शेजारी माणूस नव्हतं, सुपारी नव्हती आणि सुपारी असलेलं कोणीही कुठे नव्हतं. ब्रेक मात्र लागला. आधी का लागत नव्हता, याचं उत्तर एजन्सीला सापडलं नाही. त्या दिवसापासून का लागतो, याचं मला सापडलेलं नाही. ज्या प्रश्नावर मी इतरांच्या बातम्या परत पाठवल्या, तोच मला लागू करायचा तर उत्तर एवढंच: पाहिलं मी, पण काय पाहिलं ते माहीत नाही.

कुसुम आता इथेच असते. शाळेला ती चालत जाते. गाडीत तिला मी मागे बसवतो, सामानही मागेच ठेवतो. शेजारच्या सीटवर मी काही ठेवत नाही.