बेस्ट सपोर्टिंग मंगलताई

कुवेतमध्ये खिडकीच्या फटीत वाळू साचते ना, तसे आमचे किस्से साचलेत. सकाळी झाडा, संध्याकाळी परत हजर! आणि कुठलाही किस्सा काढा, शेवटी विषय मंगलताईंच्या अवॉर्डवर येतोच.

आधी ते अवॉर्ड काय ते सांगते. १९९० साल. मी ठाण्याहून नुकतीच आलेली, लॅबमध्ये. मंगलताई रत्नागिरीकडच्या, लेबर रूमच्या सिस्टर. कुवेतच्या हवल्ली भागात आम्ही दोघी एका फ्लॅटमध्ये. खालच्या मजल्यावर एक्स-रेवाला जोश्या. आणि आमच्या लिन मॅडम, हॉस्पिटलात ॲक्युपंक्चर करणाऱ्या चिनी डॉक्टर! शुक्रवारची सुट्टी आली की सगळे आमच्या व्हीसीआरसमोर.

एकदा मॅडमनी चीनमधल्या फिल्म अवॉर्ड्सची टेप आणली. भाषा आमच्या कोणाच्या बापाला कळत नव्हती. हिरॉइनला बक्षीस मिळालं, मॅडम आरामात शेंगदाणे खातायत. सहायक अभिनेत्रीचं नाव पुकारलं, आणि मॅडम ताडकन उभ्या, टाळ्यांवर टाळ्या!

"हिचं एवढं काय?" जोश्यानं विचारलं.

"हिरॉइन नुसती रडते," मॅडम म्हणाल्या. "ही शेजारी उभी असते, म्हणून आपल्याला ते खरं वाटतं."

"मग एकमेकांच्या थापा खऱ्या वाटायला लावणं, हे तर आपण ड्यूटीवर रोजच करतो!" जोश्या ओरडला.

झालं! आमचं अवॉर्ड सुरू. नियम एकच: दुसऱ्याच्या थापेला सगळ्यात भारी साथ देईल ती बेस्ट सपोर्टिंग ॲक्ट्रेस. जोश्या जिंकला तरी ॲक्ट्रेसच! ट्रॉफी म्हणजे एक बिघडलेली कॅसेट, चॉकलेटच्या सोनेरी कागदात गुंडाळलेली.

मंगलताईंनी ती हातात घेतली आणि सोडेचनात. "गावच्या नाटकात मला कायम शेजारीण करायचे गो. कधी साधा नारळसुद्धा मिळाला नाही. ही मी घेणारच!"

पण बाईंना जमायला नको?

*

मला एकदा दांडी मारायची होती. मी मेट्रनला फोनवर सांगितलं, ताप आहे. ताईंनी ड्यूटीवर गेल्यावर फक्त मान हलवायची होती. फक्त मान!

ताई मेट्रनसमोर म्हणाल्या, "ताप? अहो, पोरगी बरळतेय! आईला हाका मारतेय! मला ओळखलं नाही!"

अर्ध्या तासात दारात ॲम्ब्युलन्स. मी केसांना मेंदी लावून बसलेली!

"ओव्हरॲक्टिंग," जोश्यानं निकाल दिला. "नॉमिनेशन रद्द!"

*

मग मांजरीचं प्रकरण. बिल्डिंगमध्ये प्राणी ठेवायला बंदी, आणि आम्ही एक मांजर पाळलेली. एक दिवस आमचा हारिस, म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार, दारात उभा. मी म्हटलं, "मांजर? छे, आमच्याकडे कुठली मांजर!" आणि नेमकी तेव्हाच ती आत ओरडली.

ताईंनी खोकून आवाज दाबायचा, असं आमचं ठरलेलं. तर या बाई पुढे झाल्या, हारिसच्या डोळ्यात डोळे घातले आणि स्वतःच म्हणाल्या, "म्यांऽऽव!"

आणि काय हुबेहूब! आतली मांजर गपगार झाली.

हारिस बिचारा एकेक पायरी मागे मागे उतरत गेला. दुसऱ्या दिवशी दारात कागदावर माशाचं डोकं!

त्या शुक्रवारी अवॉर्ड मिळालं. मांजरीला.

*

जोश्याला क्रिकेट मॅच खेळायची होती, म्हणून त्यानं साहेबाला सांगितलं, मान आखडलीय. साहेबाला संशय आला. त्यानं लिन मॅडमना बोलावलं. जोश्यानं मागून डोळा मारला. मॅडमनी मान दाबून पाहिली, चेहरा गंभीर केला, "व्हेरी बॅड!" म्हणाल्या आणि मानेपासून कमरेपर्यंत सुया टोचल्या. सगळ्या खऱ्या! जोश्याला हुं की चूं करता येईना. मॅच संपेपर्यंत साळिंदर होऊन पडला होता!

ट्रॉफी मॅडमना, एकमतानं. ताई भांडी आपटत म्हणाल्या, "आता चीनशी पण कॉम्पिटिशन!"

*

आणि मग ऑगस्ट. इराकचं सैन्य आलं. हॉस्पिटल, शुक्रवार, व्हीसीआर, सगळंच गेलं. लिन मॅडम त्यांच्या लोकांबरोबर निघाल्या. जाताना ट्रॉफी जोश्याच्या हातात ठेवून म्हणाल्या, "नियम कडक ठेव."

आम्ही तिघं जोश्याच्या जुन्या, बोटीएवढ्या लांबलचक अमेरिकन गाडीतून निघालो, इराकमधून जॉर्डनला. वाटेत सैनिक चांगल्या गाड्या काढून घेत होते. आणि गाडी गेली की त्या उन्हात, त्या वाळवंटात, खेळ खलास.

म्हणून प्लॅन केला. माझ्या ड्रेसच्या आत उशी, मी दिवस भरलेली बाई. लीड रोल! ताई नर्स. त्यांनी एकच शब्द बोलायचा: "मुस्तश्फा." म्हणजे हॉस्पिटल.

"ताई, पाया पडतो," जोश्या म्हणाला. "एकच शब्द!"

"हो रे बाबा."

चेकपोस्ट आलं. सैनिकानं जोश्याकडे चावी मागितली. मी कण्हायला लागले. दुसऱ्यानं मागचं दार खाडकन उघडलं, मी दचकले, आणि उशी सटकन खाली सीटवर!

जोश्या पांढराफटक.

ताईंनी क्षणात ओढणी टाकली, उशी गुंडाळली, छातीशी धरली आणि सैनिकावर ओरडल्या, "मबरूक! बिंत!" अभिनंदन, मुलगी झाली!

तो वाकून बघायला लागला. ताईंनी त्याच्याकडे पाठ केली, आणि ओढणीतून आवाज आला, बारीक, चिरका, हुबेहूब...

सैनिक लाजून मागे सरला. "मबरूक, मबरूक," म्हणत त्यानं चावी जोश्याला परत दिली. वर पाण्याची बाटली दिली आणि फाटक उघडलं.

चेकपोस्ट मागे पडलं. मग जोश्यानं एका हातानं स्टिअरिंग धरून सोनेरी कॅसेट मागे केली आणि घसा साफ करून जोरात सुरुवात केली, "अँड द अवॉर्ड गोज टू..."

"हळू बोल मेल्या!" उशी थोपटत मंगलताई म्हणाल्या. "आत्ता कुठे झोपलीय."