झोपताना बांधायचा पट्टा

मी बी.ए. झालो तो थोरल्या बहिणीमुळे, शकूताईमुळे. पारोळ्याला ती दिवसा घरकाम आणि रात्री शिवणकाम करायची. मला सुरतेत नोकरी लागली, तरी तिचं मशीन थांबलं नाही. हाताला मुंग्या येतात, असं ती पत्राच्या शेवटी लिहायची.

सुरतेतल्या उधन्यात चहाच्या टपरीवर रोज सकाळी एक लूम कारागीर दिसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पाणी झटकावं तसा तो उजवा हात झटकायचा आणि कप डाव्या हाताने उचलायचा. एकदा चहा संपवून तो, एक टोक दातात धरून, मनगटाला पट्टा बांधू लागला.

"काय पहिलवान, सकाळी सकाळी कोणाशी कुस्ती?" टपरीवाल्याने विचारलं.

"मनगटात नस दबलीय. डॉक्टर म्हणे, रात्री बांध. मी आठवडाभर रातपाळीत बांधला. तुटल्या धाग्याला गाठ मारता येईना. मुकादम लूम काढून घ्यायला निघाला. मग डॉक्टर म्हणे, अरे, झोपताना बांधायचा." त्याने पट्टा आवळला. "माझी रात्र आता सुरू होते."

तो झोपायला गेला. मी टपरीवाल्याकडून पत्ता घेऊन संध्याकाळी त्याच्या डॉक्टरांना ताईचा त्रास सांगितला, पट्टा घेतला आणि सोबत पत्र लिहिलं:

"ताई, हा पट्टा झोपताना बांधायचा. नुसतं 'रात्री' लिहीत नाही, कारण रात्री तू मशीनवर असतेस. आधी मशीन बंद, मग पट्टा. बांधून काम होत नाही. इथे एकाने करून बघितलं आहे."