गजावरची खाच

ठासणीच्या बंदुकीच्या नळीत पाणी ओतलं की ते बुडाशी थांबायला हवं. त्या बंदुकीत ते थांबेना. बत्तीच्या भोकातून धार लागली, शेजारच्या एका भेगेतून दुसरी लागली, आणि माझं धोतर भिजलं.

"किती वर्षं उडवताय ही?" मी विचारलं.

"आज्ज्यापासनं."

"आणि डोकं अजून जाग्यावर आहे तुमचं?"

सावळाराम हसला नाही. चाळिशीचा, अंगाने काटक गडी. मार्गासनीच्या पुढे एका वाडीत त्याची भातखाचरं होती, अगदी रानाला लागून. तो नसरापूरवरून पायपीट करत भोरला आला होता. "मिस्त्री, औंदा दोनदा डुकराम्होरं उभा ऱ्हायलो, दोनदा हिनं दगा दिला. तिसऱ्या बारीला दिला तर म्या काय घरला येत न्हाई. हिला धड करा."

संस्थान विलीन व्हायच्या आधीची ही गोष्ट. भोरात लायसन्स असलेल्या एका बंदुकीच्या दुकानात मी मिस्त्री होतो. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. हात माझा चांगला होता आणि तो चांगला आहे हे मला जरा जास्तच ठाऊक होतं.

ठासणीची बंदूक म्हणजे काय, ते आता सांगावं लागतं. तिला काडतूस नाही. तोंडातून दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, मग शिसं, पुन्हा बोळा. प्रत्येक थर लोखंडी गजाने ठासायचा. सावळारामची बंदूक त्यातही जुनी, चकमकीची. घोडा पडला की गारेची ठिणगी उडायची आणि भोकातून आतली दारू पेटायची. पावसाळी हवेत दहातले चार बार फुकट.

मी अण्णांना म्हणालो, "बुडाकडची नळी सडली आहे. तेवढी कापून नवा पेच बसवतो. चकमक काढून टोपीचा घोडा लावतो."

"त्यापेक्षा नवी घे म्हणावं."

"लायसन्स हिचं आहे. नवीचं मिळायला दोन भातं निघतील."

अण्णांनी मान हलवली. मी बुडाकडून चार बोटं नळी कापली. आत नवे आटे पाडले, पोलादी बूड बसवलं, त्यात निपल. निपलवर तांब्याची छोटी टोपी बसते, घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी थेट दारूत. पाऊस असो की धुकं, काम चोख. पंधरा दिवस लागले. भेगेचा मागमूस राहिला नाही. मी ती बंदूक दुकानात येईल त्याला दाखवत होतो.

मग प्रश्न आला दारूचा. त्यावर आमचं आठ दिवस भांडण चाललं; तो भोरातच पाहुण्यांकडे उतरला होता.

सावळारामने कंबरेची पिशवी सोडून माझ्यासमोर ठेवली. आत पिवळसर, चपट्या कणांची दारू. पलटणीतून परतलेल्या कुणीतरी रायफलच्या काडतुसांतून काढून दिलेली.

"हिला धूर न्हाई म्हनत्यात. काळ्या दारूचा धूर डोळ्याम्होरं बसतो, जनावर कुठं ग्येलं ते कळत न्हाई."

"धूर नाही, पण नळीही राहणार नाही," मी म्हणालो. "ही स्मोकलेस. पोलादी रायफलसाठी केलेली. तुमची नळी लोखंडी पट्ट्या गुंडाळून ठोकलेली आहे. केळ्यासारखी सोलून निघेल. हात कुठे आणि तुम्ही कुठे."

"थोडी घातली तर?"

"चिमूटभरसुद्धा नाही."

त्याला पटेना. शेवटी मी ती पिशवी त्याच्यादेखत मागच्या मोरीत ओतली आणि वर घागरभर पाणी. तो इतका चिडला की दोन दिवस फिरकला नाही. मग आला, तेव्हा जत्रेत दारूकाम करणाऱ्याकडची काळी दारू घेऊन. तीत कोळसा नुसता दिसत होता, बोटाला चिकटत होती. तीही मी नाकारली.

"मग घालू काय? राख?"

अण्णांकडे पुण्याहून आलेले काळ्या दारूचे डबे होते. बारीक रव्याची आणि जाड रव्याची. बारीक झटकन पेटते, नळीवर धक्का मोठा. जाड सावकाश पेटते आणि जुन्या नळीला सांभाळून घेते. मी जाड घेतली. नदीकाठी बंदूक झाडाला बांधून, लांबून दोरी ओढून बार काढले. एकही चुकला नाही. मग पितळेचं छोटं माप करून दिलं आणि सावळारामला बजावलं, "शिगोशीग नाही, सपाट. डबा चुलीपासून लांब, पण कोरड्यात."

"दारू गेनूच्या हवाली करतो," तो म्हणाला. गेनू त्याचा धाकटा भाऊ. "त्यो लई निगुतीचा हाय."

जाताना त्याने गज हातात घेतला. नळी कापल्यामुळे तो तोंडाबाहेर चार बोटं डोकावत होता, ध्यान दिसत होतं. मी म्हणालो, "द्या, कापतो."

"नगं नगं! ह्याला हात लावू नका. आज्ज्याचा हाय. ही खाच बगा. गज नळीत सोडायचा. खाच तोंडाशी आली की बंदूक भरल्याली. खाच आत बुडाली की रिकामी. आमच्या घरात बार काढंल त्यानं भरून ठेवायची आन् घेऊन जाईल त्यानं गज घालून बगायचं. अंधारात डोळं लागत न्हाईत, निस्तं बोट लावलं की कळतं."

मी तेव्हा त्याच्यासाठी टोप्या मोजत होतो. "बरं, बरं," म्हणालो. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. माझ्या कानावर एवढे शब्द पडले आणि एकही लागला नाही.

दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी फौजदारांचा शिपाई ती बंदूक घेऊन दुकानात आला. सावळाराम गेला होता. तांबडं फुटताना डुक्कर खाचरात शिरलं, हा बांधावरून आडवा झाला, घोडा पडला, नुसता टक् आवाज आला. डुकराने मांडी फाडली. डोलीत घालून आणताना वाटेतच सगळं रक्त गेलं. फौजदारांना रिपोर्ट हवा होता: बंदूक का उडाली नाही?

शिपायामागोमाग गेनू आणि सावळारामची बायको चंद्राबाई आले होते. ती दाराशी टेकून बसली. गेनू उभाच.

"सोनं लुटाया निघालो तवा शिवंवर बार म्या काढला," गेनू म्हणाला. "माघारी येऊन भरली असंल... गडबडीत ऱ्हायली असंल. मला काय बी याद न्हाई. पर मिस्त्री, दादानं निघताना गज घातला व्हता. म्या कंदील धरला व्हता. खाच तोंडाशी व्हती. भरल्याली व्हती, मग उडाली का न्हाई?"

मी बंदूक आत नेली. टोपी फुटलेली. निपल साफ. घोड्याचा टोला बरोबर. गज सोडला, खाच तोंडाशी येऊन थांबली. भरलेली आहे, मी मनात म्हणालो, म्हणजे दारू ओल धरून सर्द झाली. जरा हायसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

नळीतला भरणा उपसायला गजाच्या टोकाला मळसूत्री आकडा लावतात. तो लावला, फिरवला. बोळ्यात रुतायला हवा. तो लोखंडावर करकरला. पुन्हा फिरवला. पुन्हा करकर. आकडा बाहेर काढला. त्याला चिंधीचा धागा नाही, दारूची कणी नाही. माझ्या नव्या बुडावर घासून त्याचं टोक चकचकीत झालं होतं.

नळी रिकामी होती. गज तरीही सांगत होता, भरलेली.

भरणा व्हायचा चार बोटं. मी नळी कापली होती चार बोटं. आज्ज्याची खाच जुन्या नळीसाठी होती. नव्या नळीत ती रिकामीलाच भरलेली म्हणणार होती, पहिल्या दिवसापासून. खरंच भरलेली असताना ती तोंडावर चार बोटं राहत असणार, पण बुडालेली नाही ना, एवढंच ते बघत असणार. आठ दिवस मी दारूवरून त्या माणसाशी भांडलो, आणि तो मेला तेव्हा नळीत दारूच नव्हती.

मी आकडा बाकावर ठेवला. अण्णांना हाक मारली.

अण्णा आत आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी स्वतः गज घालून बघितला. मग दार लोटून हळू आवाजात म्हणाले, "खाच त्यांच्या घरची. दुकानाने पाडलेली नाही."

"पण नळी मी कापली. गज माझ्या हातात होता, अण्णा. त्याने सांगितलं होतं मला."

"हे लिहिलंस तर दुकानाचं लायसन्स उद्या जाईल. सहा घरं आहेत या दुकानावर, तुझं धरून. गेलेला माणूस परत यायचा नाही. दारू सर्द असल्यास टोपी फुटूनही बार होत नाही, हे खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग तेवढंच लिही."

मी लिहिलं. 'दारू सर्द झाल्याने बार झाला नाही. बंदुकीच्या दुरुस्तीत दोष नाही.' खाली सही केली. अक्षर माझं वळणदार होतं. बाहेर आलो तर चंद्राबाईने वर बघितलं. मी तिच्याकडे न बघता कागद शिपायाला दिला.

दिवाळीपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही. रोज आकडा करकरल्याचा आवाज यायचा. शेवटी अण्णांना न सांगता मी मार्गासनीपुढच्या त्या वाडीत गेलो. म्हटलं, नोकरी गेली तर गेली.

गेनू गोठ्यात होता. दाढी वाढलेली. मी त्याला सगळं सांगितलं, जमिनीवर काडीने नळी काढून दाखवली, खाच दाखवली. त्याने समजून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मंजी दारू चांगली व्हती?"

"चांगली होती."

"तलाठ्यानं तुमचा कागुद वाचून दावला. तवापास्नं वैनी माज्या हातचं पानी घेत न्हाई. दारू माज्या हवाली व्हती न्हवं." त्याने पायाने जमिनीवरची नळी पुसली. "भराया मीच इसरलो आसंन, त्ये हायेच. पर खाच खरी आसती तर त्ये दादानं बगितलं आसतं. येवडं तिला सांगा, मिस्त्री. तुमच्या तोंडानं सांगा."

मी चंद्राबाईसमोर उभा राहिलो. हात जोडले. चूक माझी, म्हणालो. दारू सर्द नव्हती. गेनूने काही केलं नाही. गजाची खाच मी बदलायला हवी होती.

ती भात पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"भावजींनी आनलं व्हय तुमाला?"

"नाही, मी आपणहून आलो."

"मग त्यो कागुद कुनी लिवला?"

"मीच."

"सही?"

"माझीच."

"तवा तुमी बंदूक उघडून, बगून लिवलं. आता बंदूक सरकारात जमा हाय. आता तुमी कशात बगून सांगताय?" तिने तूस फुंकून उडवलं. "लिवलंया तेच खरं. जावा तुमी."

परत आल्यावर मी अण्णांना सांगितलं. त्यांनी मला काढलं नाही. पुढे तीस वर्षं मी तेच काम केलं. कुणी ठासणीची बंदूक आणली की मी नळीकडे बघायच्या आधी गज मागायचो आणि त्यावर खाच आहे का ते बोटाने चाचपायचो. जुनी खाच घासून नवी पाडायला कानस दोनदा फिरवावी लागते. त्या दिवशी टोप्या मोजून होईपर्यंत झालं असतं.