मधला मणका

मी सगळ्यात जास्त कुणाचा ऋणी असेन, तर माझ्या थोरल्या भावाचा. त्याला आम्ही दादा म्हणतो. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो आणि दादाची दहावी नुकतीच झाली होती. तो पुढे शिकला नाही. खेडजवळचं आमचं गाव सोडून तो रत्नागिरीला आला आणि मिरकरवाड्याच्या बंदरात बर्फ वाहायच्या कामाला लागला. कॉलेजसाठी मी रत्नागिरीला आलो तेव्हा त्याच्याच खोलीवर राहिलो. बर्फाच्या लाद्या खांद्यावर घेऊन तो ट्रॉलरपर्यंत जायचा. खांद्यावर गोणपाट असायचं, पण त्यातून पाणी झिरपून पाठ भिजायचीच. एका सुट्टीच्या दिवशी मी मदत करायला म्हणून बंदरावर गेलो, तर त्याने मला जेटीवरूनच परत पाठवलं.

"तू पेन उचल. हे उचलायला मी हाय."

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. मला सरकारी कार्यालयात कारकुनाची नोकरी लागली तेव्हा दादा गावी परतला, शेती बघू लागला. हे आधीच सांगतोय, कारण पुढे जे सांगणार आहे ते वाचून माझा त्याच्यावर राग आहे असं कुणाला वाटायला नको.

माझं दुखणं सुरू झालं ते बुटाची नाडी बांधताना. काही जड उचललं नव्हतं, पडलोही नव्हतो. खाली वाकलो आणि दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, जरा खालच्या बाजूला, कुणी पाचर ठोकावी तशी कळ आली. थोड्या वेळाने ती बरगड्यांवरून फिरून पुढे छातीखाली आली आणि तिथेच राहिली. घट्ट पट्टा बांधल्यासारखी. बायकोला वाटलं हृदयाचं काही आहे. दवाखान्यात धावलो. ईसीजी चांगला आला. मग पित्ताच्या गोळ्या झाल्या, पोटाची सोनोग्राफी झाली. शेवटी एमआरआय. त्या नळकांड्यात हात अंगाला चिकटवून पडून राहिलो आणि बाहेर ठोकाठोक चालू होती, तेव्हा मनात आलं की निदान यातून थोड्या वेळाने मला बाहेर काढतील.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. पाठीच्या मधल्या भागातली एक गादी मागे सरकून मज्जारज्जूला टेकली होती. ते म्हणाले, "मानेचे, कमरेचे पेशंट रोज येतात. हे मधलं कमी जणांचं असतं. ऑपरेशन अवघड आहे, शक्यतो टाळू. पण वजन उचलायचं नाही, झटका बसू द्यायचा नाही, आणि पाय जड वाटायला लागले तर लगेच यायचं."

मधलं असल्यामुळे ते कुणाला पटतही नाही. कार्यालयात पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या भाऊंनी विचारलं,

"मान काय?"

"नाही."

"मग कंबर."

"नाही, मधे."

"मधे काय असतं?" ते म्हणाले. "मधे तर नुसती पाठ असते."

सगळे हसले, मीही हसलो. हसताना पट्टा आवळला.

तेव्हापासून मी या पट्ट्याच्या आत राहतो. खुर्चीत बसलो की थोड्याच वेळात फऱ्यांमधली जागा जळायला लागते, म्हणून फाइलींच्या कपाटावर कागद ठेवून उभ्याने लिहितो. उभं राहून पाय भरून आले की पुन्हा बसतो. शिंक येणार असं वाटलं की दाराची चौकट धरतो. अंघोळीला तांब्या डोक्यावरून ओतता येत नाही. कुणी मागून हाक मारली तर मला मान वळवता येते, पण मानेखालचं धड वळत नाही, म्हणून आख्खाच वळतो. बायको म्हणते, "अहो, तुम्ही वळता की आपलं गोदरेजचं कपाट कुणी सरकवतंय?" ती हे हसवायला म्हणते हे मला माहीत आहे. रोज दुखणाऱ्या माणसाच्या घरात दुसऱ्यांनाही काहीतरी बोलावं लागतंच. रोज तेच सांगून सांगून मी सांगायचं सोडलं. गोळ्यांनी झापड येते, कळ मात्र जाग्यावर असते.

दादाला मी सांगितलं होतं. फोनवर तो म्हणाला, "लाद्या मी वाहिल्या आनि मणका तुजा कसा गेला रे?"

आता शिमग्याचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडकलं आहे.

आमच्या गावच्या देवीची पालखी शिमग्यात सहाणेवर येते. सहाण म्हणजे गावाचा चौथरा, पालखी टेकायची जागा. तिथून ती घरोघर निघते तेव्हा पहिले चार खांदे मानाचे असतात. त्यातले पुढचे दोन आमच्या घरचे. वडील आणि काका होते तेव्हा ते, त्यानंतर दादा आणि मी. ढोल वाजला की दांडा खांद्यावर घेऊन पालखी नाचवायची, खाली बसायचं, उसळून उठायचं. मुंबईहून आलेली मंडळीही या एका गोष्टीसाठी रजा काढून येतात.

गेल्या वर्षी दादा म्हणाला, "यंदा आईच्या दांड्याखाली नुसता ये. पाठ मोकळी होईल. डॉक्टरनं फोटो काडला, आई तुला बगंल."

डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मला माहीत होतं. पण ज्या माणसाने मला बर्फाला हात लावू दिला नाही, तो आज एवढंच मागत होता. शिवाय खरं सांगायचं तर मलाही आशा होती. रोज दुखणाऱ्याला कुठूनही आशा चालते.

पहिल्या बैठकीला मी निभावलं. दुसऱ्यांदा उसळून उठताना पट्टा असा आवळला की श्वास आत जाईना. दांड्याखाली एक अडचण असते. चौघांची लय एक असते, एकाने अंग काढून घेतलं तर पालखी कलंडते. मला बाहेर पडायचं होतं आणि पडता येत नव्हतं. ढोल जोरात चालला होता. माझं अंग थरथरायला लागलं, दातखीळ बसल्यासारखं झालं, डोळे वर गेले असावेत. शेवटी मागच्या माणसांनी दांडा तोलला आणि मी सहाणेवर गुडघ्यांवर बसलो.

"आलं! आलं! धाकट्याच्या अंगात आलं!"

कुणीतरी माझ्या कपाळावर कुंकू फासलं. बायका पुढे आल्या. गुरवाने नारळ पुढे धरला आणि विचारलं, "बोल आई, काय चुकलं?" माझ्या तोंडून शब्द येईना. तेव्हा गर्दीतून दादा आला. त्याने माझ्यासमोर जमिनीवर डोकं टेकलं, मग हात जोडून विचारलं, "आई, काय पायजे? मागशील ते देतो."

दादा माझ्या पाया पडला होता. वाकून त्याला उठवणं मला जमलं नाही. माझं गप्प राहणं हा देवीचा राग आहे असं ठरलं, आणि गुरवाने अर्थ लावला की या घरचा धाकटा खांदा यापुढे चुकता कामा नये.

संध्याकाळी पडवीत पाठीवर पडलो आणि दादाला स्पष्ट सांगितलं, "दादा, अंगात नव्हतं आलं. पाठीत कळ आली होती."

तो मायेने हसला. "अंगात आलेल्याला कधी कळतं का रे?"

"मला सगळं आठवतंय. तू काय विचारलंस तेही आठवतंय."

"बग," तो वहिनीला म्हणाला, "आईनंच त्याला आठवू दिलंन."

मी खरं तेच बोललो होतो, आणि ते बाहेर पडायच्या आतच बंद झालं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात माझे पाय जड व्हायला लागले. चप्पल पायातून निसटली तरी मला कळत नसे, पुढे गेल्यावर लक्षात यायचं. कार्यालयाचा जिना उतरताना कठडा सोडवेना. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. या वेळी ते नेहमीसारखे भराभर बोलले नाहीत. "आता मोठा झटका बसला तर पायांचं मी सांगू शकत नाही," एवढंच म्हणाले. हेही मी दादाला फोनवर सांगायचा प्रयत्न केला. पण आमचा फोन एकाच पद्धतीने चालतो. तो विचारतो, "बरा हायस ना?" आणि "बरा आहे" हे माझ्या तोंडून आधीच गेलेलं असतं.

यंदा शिमगा जवळ आला तसा त्याचा फोन आला. आवाजात उत्साह होता.

"तुला नवा सदरा शिवून घेतलाय. आनि ऐक, चार घरची माणसं तुला इचारायला थांबलीत. वरच्या वाडीतल्या काकीचा मुलगा मुंबईत हाय, घरी फोन करत नाय. ती म्हनते, धाकट्याच्या अंगात आलं की त्यालाच इचारेन."

"दादा, माझी पाठ..."

"म्हनून तर ये म्हनतोय."

मी फोन ठेवला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. गेलो तर दांड्याखाली जावं लागणार, आणि पाय गेले तर दादाने जे उभं केलं तेच आडवं होणार. नाही म्हटलं तर गाव म्हणणार, शिकला आणि खांदा काढला. ते ऐकावं लागणार दादालाच. गेल्या वर्षीच्या माझ्या थरथरण्यानेच हे सगळं बांधलं गेलं होतं, आणि ते थरथरणं खरं होतं. कुणी खोटं बोललं असतं तर सोडवायला सोपं गेलं असतं.

बायको हे सगळं ऐकत होती. भाजी निवडता निवडता म्हणाली, "बोलून जमत नाही तर लिहा की. दिवसभर लोकांच्या अर्जांवर शेरे मारता, एक अर्ज स्वतःचा करा."

"त्याला वाईट वाटेल."

"वाटू दे. वाईट वाटलेला माणूस बरा होतो. तुमचे पाय गेले तर काय करणार तो?"

मी कपाटापाशी उभा राहून लिहिलं. मधे एकदा जमिनीवर आडवा झालो, मग पुन्हा उठून पुढे लिहिलं. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाताना पत्र स्वतःच्या हाताने टपालपेटीत टाकलं. ते असं होतं:

ती. दादास,

सा. न. वि. वि.

फोनवर मी नेहमी बरा असतो, म्हणून पत्र लिहितोय. हे पूर्ण वाच आणि मग वहिनीला वाचून दाखव.

माझे पाय जड झालेत. डॉक्टर म्हणतात, पाठीला मोठा झटका बसला तर मी चालेन की नाही सांगता येत नाही. म्हणून यंदा मी दांड्याखाली येणार नाही. पुढच्या वर्षीही येणार नाही. देवीला मी मानतो. पण गेल्या वर्षी सहाणेवर झालं ते माझ्या पाठीचं होतं. तुला ते पटणार नाही. न पटूनही माझं एवढं ऐक.

माझ्या जागी काकांच्या मुलाला उभं कर. आपला मान जातो असं लोक म्हणतील आणि ते तुला ऐकावं लागेल. त्याला माझ्याकडे उपाय नाही. वरच्या वाडीतल्या काकीला सांग, मुलाचा नंबर मला दे, मी त्याला स्वतः फोन करीन.

शिमग्याला मी येणार आहे. एसटीचे धक्के सोसत नाहीत, म्हणून रेल्वेने खेडपर्यंत येईन. स्टेशनवर तू ये. माझी पिशवी तुलाच उचलावी लागेल. तू मला कधी काही उचलू दिलं नाहीस, आणि आता उचलायचं म्हटलं तरी येत नाही. पालखी घरी येईल तेव्हा मी पडवीत चटईवर असेन. तिथूनच हात जोडीन.

गेल्या वर्षी तू हात जोडून विचारलं होतंस, काय पाहिजे. तेव्हा माझ्याकडे श्वास नव्हता. आता सांगतो. मला तिथेच जमिनीवर आडवं व्हायचं होतं, आणि तू माझ्या पाया न पडता शेजारी बसायला हवा होतास.

तुझा,
धाकटा