झेल्याचा झेल

झेल्याच्या हातून तो चेंडू सुटला नव्हता. हे मी आधीच ठणकावून सांगते, कारण डिचोलीच्या बाजारात अजून कुणीतरी भेटतं आणि हळहळल्याचं सोंग करून विचारतं, "टीचर, तुमच्या त्या पोराने झेल सोडला म्हणे?" सोडला म्हणे! यांतल्या एकानेही बेसबॉलचा एक सामना पाहिलेला नाही. एका बाजूला किती खेळाडू असतात विचारलं तर दातखीळ बसेल. पण झेल सोडला, हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

मी साखळीच्या एका शाळेत पी.टी. शिकवते. चेंडूकडे पाठ करून धावणारा खेळाडू मी एवढ्या वर्षांत एकच पाहिला. झेल्या मैदानात सगळ्यात मागे, मधोमध उभा असायचा. बॅटचा आवाज झाला की गर्रकन वळायचा, मान खाली घालून धूम ठोकायचा आणि कुठेतरी थांबून मगच वर बघायचा. चेंडू बरोबर तिथेच उतरायचा. "अरे, चेंडूकडे बघत का नाहीस?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "टीचर, वरसून पडता तेका बगीत रवाचा नसता. आदी तेच्या खाली जावचा, मगे बगूचा."

हे शहाणपण त्याच्या गावच्या, सर्वणच्या, आंब्यांखालचं. त्याचे वडील दरवर्षी लोकांची मानकुराद आंब्याची झाडं मोसमापुरती घ्यायचे. वडील फांदीवर आणि हा खाली. सुटलेला आंबा जमिनीला लागता कामा नये. मानकुरादाला एक ठेच लागली की दोन दिवसांत तिथे काळा डाग पडतो आणि गिऱ्हाईक तो हातातसुद्धा घेत नाही. झेलताना हात ताठ धरून चालत नाहीत, आंब्याबरोबर खाली न्यावे लागतात. मग वाकून तो अलगद पांटलीत, म्हणजे टोपलीत, ठेवायचा, टाकायचा नाही. "आंबो फुटलो तर कान लाल करीन," हा वडिलांचा वरून येणारा आशीर्वाद. कान बऱ्याचदा लाल झाले असणार, कारण मी त्याला पाहिलं तेव्हा त्याच्या हातून काही म्हणजे काही पडत नव्हतं.

आमच्या शाळेच्या कपाटात बेसबॉलचं सामान कुठल्याशा सरकारी योजनेतून आलं होतं आणि कुलूप लावून सुरक्षित ठेवलं होतं. पोरांनी वापरलं तर खराब होईल ना! मी हेडमास्तरांशी भांडून किल्ली घेतली. झेल्याने तो मोठा चामड्याचा हातमोजा घातला, पंजा दोनदा उघडून मिटला आणि तोंड वाकडं केलं. "टीचर, पोदेराच्या पिठात हात घातल्यासारक्या वाटता." पोदेर म्हणजे आमच्याकडचा पाववाला. पण आठ दिवसांत त्या मोज्याशी त्याचं असं जमलं की मधल्या सुट्टीत तो मोजा मांडीवर ठेवून पाव-भाजी खायचा.

आता माझा गुन्हा सांगते. बेसबॉलमध्ये झेल घेतला की फलंदाज बाद होतो, पण खेळ थांबत नाही. आधीच मैदानात उभा असलेला दुसरा धावपटू झेल पुरा होताच पुढे पळू शकतो. म्हणून झेलणाऱ्याने तत्क्षणी चेंडू फेकायचा असतो. आमच्या मैदानाला लागून एका म्हाताऱ्यांचं घर होतं. फेकलेल्या चेंडूने त्यांची कौलं दोनदा फुटली, ते काठी घेऊन शाळेत आले आणि मी नियम केला: झेल घेतला की खेळ थांबला, क्रिकेटसारखा. पोरं खूष, म्हातारे खूष. झेल्या सहा वर्षं असाच खेळला. झेलायचा, वाकायचा, चेंडू गवतावर अलगद ठेवायचा. आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. मलाही ते किती गोड वाटायचं! मेलं माझं ते कौतुक!

शाळा संपल्यावर तो तुयेंच्या एका कारखान्यात लागला. शिफ्ट सुटली की मैदान, मैदान सुटलं की शिफ्ट. राज्याच्या संघात गेला तेव्हा तिथल्या प्रशिक्षकांनी त्याची ती ठेवायची सवय पाहून कपाळावर हात मारला. त्याने महिनाभर मेहनत करून ती मोडली. झेलला की फेकलाच. मग बाहेरच्या राज्यातल्या एका पगारी संघाने त्याला एका हंगामासाठी घेतलं. हंगाम बरा गेला तर तीन वर्षांचा करार, असं ठरलं. आमच्या अख्ख्या तालुक्यात बेसबॉल खेळून पगार घेणारा हा पहिला! त्याने तुयेंची नोकरी सोडली. नाक्यावर त्याच्या अभिनंदनाचा बॅनर लागला. त्यावर सात पुढाऱ्यांचे हसरे चेहरे होते आणि खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा झेल्या. सातांपैकी एकाला तरी त्याचं खरं नाव ठाऊक होतं का, देव जाणे.

हंगामभर तो असा खेळला की विचारू नका. फोन आला की माझा पहिला प्रश्न "जेवलास?" आणि त्याचं ठरलेलं उत्तर, "जेवलंय टीचर, आणि एकय पडूक दिलंय नाय." शेवटच्या सामन्याला मी रजा टाकून गेले. शेवटचा डाव, दोन्ही संघ बरोबरीत, समोरच्यांचा एक धावपटू 'घरा'पासून, म्हणजे जिथे पोचलं की धाव मिळते त्या जागेपासून, एकाच टप्प्यावर. चेंडू उडाला, झेल्याच्या डोक्यावरून मागे. हा वळला, धावला आणि कुंपणापाशी अंग झोकून त्याने तो झेलला. दोन कोलांट्या खाल्ल्या, पण चेंडू मोज्यातच. मी बाकावर उभी राहून ओरडत होते. तो गुडघ्यांवर उठला, भोवंडलेला, आणि चेंडू मोज्यातून काढून त्याने गवतावर ठेवला. अलगद. धावपटू घरी पोचला, सामना गेला. राज्याच्या प्रशिक्षकांची शिकवण एका आपटण्यात पुसली गेली आणि माझी मात्र आत घट्ट बसलेली होती.

चूक झाली. चूक नव्हती असं मी कुठे म्हणते? पण संघाच्या व्यवस्थापकाने अहवालात काय लिहिलं? "सोपा झेल सोडला." सोपा! त्या बाबाला कुंपणापर्यंत चालत पाठवला असता तरी धाप लागली असती. मी जाऊन जाब विचारला. तर म्हणाला, "मॅडम, फॉर्मवर दोनच रकाने आहेत. घेतलेले झेल, सोडलेले झेल. सामना गेला तो 'घेतलेले'मध्ये कसा दाखवू?" करार मिळाला डावीकडे उभ्या राहणाऱ्या पोराला. त्याने हंगामात खरोखरीचे चार झेल टाकले होते, पण तो संघाच्या एका पदाधिकाऱ्याचा भाचा. भाच्यांसाठी वेगळा रकाना असावा. इकडे नाक्यावरचा बॅनर आठवड्यात उतरला आणि कुणाच्या तरी लाकडांच्या रचीवर जाऊन पडला.

झेल्या तुयेंला परत गेला तर जुनी जागा भरलेली. कंत्राटावर लागला, निम्म्या पगारावर. एक पावसाळा असाच गेला. मग त्याच संघाचं पत्र आलं. भाच्याचा गुडघा गेला होता आणि झेल्याची आठवण झाली होती. तीन वर्षांचा करार, फक्त एक अट: सोबत जोडलेला गेल्या हंगामाचा तो अहवाल मान्य असल्याची त्यावर सही. पत्र घेऊन तो माझ्या घरी आला. "टीचर, हेच्यार लिवलला खरा नाय," म्हणाला. माझ्याकडचं पेन घेऊन त्याने 'सोपा झेल सोडला' ही ओळ खोडली आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: "झेल घेतला. चेंडू फेकला नाही. चूक माझी."

आणि मी काय केलं? जिने हेडमास्तरांशी भांडून किल्ली घेतली, व्यवस्थापकाला त्याच्या दारात सुनावलं, ती मी म्हणाले, "अरे, कशाला खोडलंस? दुसरी प्रत मागव, सही कर आणि खेळायला जा. कोण वाचतंय ते? एका ओळीसाठी तीन वर्षं घालवतोस?"

त्याने पेनाला टोपण लावून ते माझ्या हातात दिलं. मग अगदी हळू म्हणाला, "टीचर, सगळ्यांनी सांगितला. बापायन सांगितला. पण तुमी थंयसर मैदानार होतात. तुमी बगितलात."

कागद त्याने तसाच पाठवला. उत्तर आलं नाही, संघाने दुसराच कुणीतरी घेतला. झेल्या अजून तुयेंला कंत्राटावर आहे. कधी साखळीत दिसला तर हात करतो, गाडी थांबवत नाही. व्यवस्थापकाचा, त्या भाच्याच्या मामाचा, बाजारातल्या हळहळणाऱ्यांचा मला राग येतो आणि तो मी मनसोक्त काढते. पण त्या सगळ्यांनी एवढंच सांगितलं होतं की त्याने झेल सोडला. ते खरं आहे असं लिहून दे, हे त्याला मी सांगितलं.