डोंग्याच्या आतला रंग

आमची निम्मी वाट सरली होती. वडसा अजून अडीच कोस असेल. मी पुढे, मुखरूभाऊ मागे, असे मोहाच्या झाडांखालून चाललो होतो. एका झाडाखाली काळं काही हललं. अस्वल मोहफुलं वेचत बसलं होतं, चाळीस पावलांवर, लख्ख उन्हात.

मी हात मागे करून त्यांना थांबवलं. "अस्वल," एवढंच पुटपुटले.

"कुठी?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी बोट दाखवलं. त्यांनी मान वळवली, पण नजर भलत्याच झाडावर गेली. मग दोनदा हुंगून म्हणाले, "वारा त्याच्याकडून येऊन राह्यला. हालू नका बाई, त्याले आपला वास नाई."

आम्ही उभेच राहिलो. माझं मनातल्या मनात देवाचं नाव घेणं चाललं होतं. अस्वल उठलं, रेंगाळत ओढ्याकडे उतरलं, तेव्हा कुठे पाय हलले. आणि तेव्हाच लक्षात आलं, जंगलात गडीमाणूस पुढे चालतो. आज यांनी मला पुढे का घातलंय?

मुखरूभाऊ आमच्या घाटावरचे ढिवर. वैनगंगेत तीस वर्षं त्यांचा डोंगा चालत होता. माझी जनपद सभेची शाळा पलीकडच्या काठावर, बिऱ्हाड अलीकडे. अलीकडच्या अकरा मुलीही माझ्याबरोबर शाळेत यायच्या. मी डोंग्यात पाय ठेवला की ते म्हणायचे, "बाई आल्या. आता डोंगा बी हाताची घडी घालून बसते." कोण चढलं हे ते न बघता सांगत. मला त्याचं कौतुक होतं.

ते त्रेपन्न साल. त्याच्या आदल्या श्रावणात, ऐन धारेत असताना, तिसरीतली कमळा म्हणाली, "बाई, माझं दप्तर भिजलं." पाहते तो फळ्यांच्या वर पाणी आलेलं. डोंगा आतून-बाहेरून डांबराचा. काळ्या तळात गढूळ पाणी चढत गेलं ते कुणालाच दिसलं नाही. डब्याने, तांब्याने, कुणी टोपीने पाणी उपसत कसेबसे काठाला लागलो. सगळे वाचलो. देवाची कृपा म्हणायची, दुसरं काय.

पावसाळाभर मुखरूभाऊ मुकाट्याने डोंगा चालवत राहिले. उन्हाळ्यात पाणी उतरलं तसा त्यांनी डोंगा वाळूवर पालथा घातला, भेगा बुजवल्या आणि जाहीर केलं की यंदा आतून डांबर नाही, रंग. घाटावर हसणं झालं. "डोंगा हाय का नवरीचा मेणा?" पुतण्या बुधू म्हणाला. बुधू चांगला तिशीचा, डोंगा रेटायचा दुसरा बांबू तोच धरायचा. मुखरूभाऊ म्हणाले, "तुले मेण्यात नाई बसवत, भेऊ नको."

त्यांना रंग आणायचा होता, मला खडू आणि पाट्या, म्हणून आम्ही सोबत निघालो. जंगलातून बाईमाणसाने एकटं जाऊ नये, म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं, अशी माझी समजूत.

सादिकमियाँचं दुकान वडशाच्या स्टेशनजवळ. बैलगाड्यांची चाकं, दारं, पेट्या रंगवून देत. प्रत्येक डब्याच्या झाकणाला आतून त्याच रंगाचा हात मारून ती झाकणं त्यांनी भिंतीला टांगली होती. मुखरूभाऊंनी चार उतरवून घेतली: हिरवं, पिवळं, आस्मानी, पांढरं. मग तांब्याभर पाणी मागितलं, रस्त्यावरची मूठभर माती त्यात कालवली.

"ये क्या कर रहे, मुखरूभाई?"

"आखाडातली गंगा करून राह्यलो."

चारही झाकणांत त्यांनी थोडं थोडं गढूळ पाणी ओतलं. पिवळ्यात ते मिसळून गेलं. हिरव्यात मळकट दिसलं. आस्मानीत मला स्वच्छ दिसलं, पांढऱ्यातही. सादिकमियाँ म्हणाले, "आस्मानी लो. सफेद तो दो दिन में मैला. और लोग क्या बोलेंगे?"

लोक काय बोलतील ते मलाही ठाऊक होतं. पांढरं म्हणजे कफन. तिरडी म्हणतील, चढणार नाहीत.

"थांबा," मुखरूभाऊ म्हणाले. "पाणी सांडा. मी पाठ फिरवतो. मंग दोनात ओता, दोन कोरे ठेवा."

सादिकमियाँनी हसत तसं केलं. मुखरूभाऊ वळले, झाकणांवर वाकले. हिरव्यापाशी थांबले. आस्मानीपाशी थांबले. मग त्यांचा अंगठा हळूच आस्मानीच्या काठावरून आत उतरला.

"याच्यात हाय," ते म्हणाले.

सादिकमियाँचं लक्ष डब्यांकडे होतं. अंगठा मी पाहिला. पांढऱ्याजवळ मात्र हात मागे ठेवूनच त्यांनी सांगितलं, "याच्यात बी हाय. एका कडेले, घोटभर."

ते बरोबर होतं. "सफेदा द्या," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर कोसभर मी भराभर पुढे चालत राहिले. मला राग आला होता. रोज अकरा मुली घेऊन मी ज्याच्या हवाली होते, त्याने हे लपवलं होतं. शेवटी विचारलंच, "केव्हापासून?"

डबा त्यांनी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "दोन वर्सं. धुरासारखं दिसते. मनकर्णाले बी सांगतलं नाई." मनकर्णा त्यांची बायको.

"मग डोंगा कसा चालवता?"

"गंगेले डोळे नाई लागत, बाई. धार कानाले समजते, खोली बांबूले समजते. खडकावर पाणी बोलते." थोडं चालून म्हणाले, "डोंग्याच्या आत शिरलेलं पाणी मातर आवाज करत नाई. श्रावणात तेच झालं. डांबराचं निमित्त हाय. कमळीले दिसलं, मले नाई."

"बुधूला द्या ना आता."

"देईन. पन म्या स्वता सोडलं पायजे. अन् कवा सोडावं, हे माहं मलेच नाई समजत."

मी म्हटलं, "पांढऱ्याला लोक तिरडी म्हणतील."

"म्हनू द्या. काठाले हळदीचा पट्टा मारतो. पयले तुमी बसा, मंग सारे बसतीन."

मी हो म्हटलं नाही. अस्वलाचं ते सकाळचं मोहाचं झाड आलं. खाली आता कुणी नव्हतं. मी सांगितलं, "काही नाही, चला." ते चालले नाहीत. डबा खाली ठेवला.

"बाई, एक काम करा माहं. डोंगा पान्यात गेल्यावर, कोनत्या बी दिवशी, मले न सांगता तांब्याभर गढूळ पानी आत ओता. बुधूले नोका सांगू, पोरीयले नोका सांगू. म्या वळखलं, तं गप ऱ्हा. नाई वळखलं, तं धारेत बोलू नोका, पोरी भेतीन. काठाले लागू द्या. मंग माह्या हातातला बांबू घेजा अन् बुधूच्या हातात देजा. म्या 'नाई' म्हनलो तरी घेजा."